बुधवारची अदलाबदल

७ जानेवारी २०२५, मंगळवार
१८८/११२ (दवाखान्यात)

ही वही डॉक्टरीणबाईंच्या हुकमावरून. वही आवेजची, बारावीच्या फिजिक्सची. पोरगा इंजिनीअर होऊन बेंगळुरूला गेला, पण मागची चाळीस पानं कोरीच ठेवून गेला. रोज सकाळ-संध्याकाळ घरच्या, अम्मांच्या मशीनवर बीपी घेऊन लिहायचं आणि दिवसभरात काय झालं तेही थोडक्यात. थोडक्यात मला येत नाही.

झालं असं की अम्मांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, महिन्याच्या तपासणीला नेलं होतं. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी, आणि बोलणं फक्त तीन शब्दांचं : हो, पाणी, जा. अम्मांचं बीपी निघालं १२६/८०, अगदी शाळकरी पोरीसारखं! पट्टा सोडता सोडता नर्स म्हणाली, "काकी, तुमचे डोळे किती लाल झालेत. तुमचाही हात द्या बरं." दिला. तिने दोनदा घेतलं. मग डॉक्टरीणबाईंनी स्वतः घेतलं आणि विचारलं, "तुमच्या दोघींत पेशंट कोण?"

मला इतकं हसू फुटलं की खुर्चीला धरावं लागलं. डॉक्टरीणबाई काही हसल्या नाहीत.

बाहेर बाकावर एक बाई बसली होती. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, शेजारी एक म्हातारबाबा. तिने विचारलं, "किती आलं वो भाभी?" मी सांगितलं. "अगं बया! माजं एकशे बहात्तर. म्या म्हनलं मीच पयली आले." आम्ही दोघी अशा खिदळलो की कंपाउंडरने येऊन गप्प बसवलं. तिचं नाव कस्तुराबाई. वलवणला एका मुंबईकराचा बंगला सांभाळते, मागच्या दोन खोल्यांत राहते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, सासरे सखाराम आबा तिच्याकडेच. ते पूर्वी रेल्वे फाटकावर गेटमन होते. आता हातपाय ठणठणीत, पण आठवण गेलेली. कस्तुराबाई कोण, हे ते तिला दिवसातून चार वेळा विचारतात.

९ जानेवारी, गुरुवार
सकाळी १७६/१०८. संध्याकाळी १८०/१०८.

डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय : सकाळी एक गोळी, अर्धा तास चालणं, आठ तास झोप. आठ तास! अम्मांना रात्री दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. मी आणि कस्तुराबाई, दोघींची झोप मिळून आठ तास भरतील कदाचित.

गोळ्या जिऱ्याच्या डब्यात ठेवल्यात. घेतलेल्या नाहीत. एकदा सुरू केल्या की जन्मभर घ्याव्या लागतात म्हणे. शिवाय मला होतंय काय? डोकं तर बायकांचं दुखतंच. उजव्या हाताला मुंग्या येतात त्या पोळ्या लाटून. रात्री दात खाते, असं आमचे हे म्हणतात. (हे म्हणजे इब्राहिम. तोंडाने नाव घेत नाही, वहीत घ्यायला काय जातंय!) बाजारात ह्यांचा गादी कारखाना आहे. लोणावळ्यातल्या निम्म्या बंगल्यांत लोक आमच्या गाद्यांवर झोपतात. ह्यांना बीपीचं सांगितलेलं नाही. आधीच कापसाची धूळ खाऊन बेजार असतात.

१२ जानेवारी, रविवार
सकाळी १७४/१०६.

कस्तुराबाई घरी आली. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "भाभी, म्या इचार केलाय. एका बुधवारी तुमच्या अम्मा माज्याकडं. दुसऱ्या बुधवारी आमचं आबा तुमच्याकडं. बंगल्याची गिऱ्हाइकं शुक्रवारबिगर येत न्हाईत. जिची सुट्टी तिनं दिसभर कुटंबी जावं, कुनी इचारायचं न्हाई."

मी म्हटलं, "अम्मा माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाहीत. त्यांचं बोलणं फक्त मला कळतं."

"व्हय का? मग येक दिस उपाशी ऱ्हातील. मरत्यात व्हय?"

असं कुणी बोलतं का! पण अम्मा पलंगावरून आमच्याकडे बघत होत्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "जा!"

हे त्या मला दिवसभर म्हणतात. मी न्हाऊ घालायला गेले की जा, भरवायला बसले की जा. चौदा महिने सगळं करतेय, आणि त्यांना मी डोळ्यासमोर नको असते. आजारी माणसाचा राग मनावर घ्यायचा नसतो. मी घेतही नाही.

१५ जानेवारी, बुधवार. सुट्टी!
सकाळी १७८/१०८. संध्याकाळी १५०/९४!!

ह्यांनी टेम्पोत नवी गादी टाकून अम्मांना वलवणला पोचवलं. मी पिशवीभर औषधं, तीन पानं सूचना, मऊ खिचडीचा डबा दिला आणि निघाले. फाटकाबाहेर आले आणि कळेना की जायचं कुठं. खरंच कळेना! हातात पिशवी नाही, कडेवर कुणी नाही. हात कुठे ठेवायचे तेही सुचेना. तीनदा परत जाऊन खिडकीखाली उभी राहिले. तिसऱ्यांदा कस्तुराबाईने खिडकीतून ताकाचा पेला हातात दिला आणि म्हणाली, "आता चवथ्यांदा आलात तर कुत्रं सोडीन." तिच्याकडे कुत्रं नाही.

शेवटी कारखान्यात गेले. एका हॉटेलची मोठी ऑर्डर तयार होती, पंधरा गाद्या एकावर एक. म्हटलं, जरा टेकू. चढले. आणि एकदम अडीच वाजले! चार तास! मधे एक गिऱ्हाईक येऊन गेलं म्हणे. त्याने विचारलं, "गादी चांगली आहे का हो?" तर हे वर बोट दाखवून म्हणाले, "बघा की तुम्हीच." त्याने चार घेतल्या. मी घोरत होते असंही ऐकलं. ते मी लिहिणार नव्हते, लिहिलं.

१५०! गोळ्यांची गरजच काय?

२२ जानेवारी, बुधवार. माझी पाळी.
सकाळी १६४/१००. संध्याकाळी १५८/९८.

कस्तुराबाई आबांना सोडून एसटीने परंदवडीला बहिणीकडे गेली. आबा दाराशी खुर्चीत ताठ बसले. लांबून गाडीची शिटी आली की उठून उभे राहतात आणि अम्मांना विचारतात, "मास्तरीनबाई, अप का डाऊन?" अम्मांना ते स्टेशनमास्तरांची बायको समजतात. अम्मा डावा हात उचलून म्हणतात, "जा." आबा कपाळाला हात लावून सलाम ठोकतात, "गेली!" आणि बसतात. तासातासाला हेच.

चौथ्या गाडीला अम्मांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं घास अडकला. धावत जाऊन पाठीवर थोपटायला लागले, तर त्या हसत होत्या! चौदा महिन्यांत पहिल्यांदा! मी पाठीवर थोपटतेय, त्या हसतायत, आबा सलाम ठोकतायत, आणि मीपण हसून हसून जमिनीवर बसले.

जरासं वाईटही वाटलं. मी काय कमी विनोद केले असतील चौदा महिन्यांत?

कस्तुराबाई संध्याकाळी लंगडत आली. छप्पन्न वर्षांची बाई बहिणीशी फुगडी खेळली! गुडघा सुजलाय, पण चेहरा बघण्यासारखा होता.

२९ जानेवारी, बुधवार. सुट्टी.
बीपी नंतर लिहिते. आधी हे लिहिते : मी पोहण्याच्या तलावात उतरले!!!

कस्तुराबाईच्या बंगल्याला तलाव आहे. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याची मंडळी त्यात गाणी लावून डुंबतात. मधल्या दिवसांत नुसतं निळं पाणी. मी म्हटलं, "बघायला काय छान वाटतं!" कस्तुराबाई म्हणाली, "बगायला कशाला, उतरा की. मालकीनबाईंना फोन करून इचारलंय म्या. बीपीचं सांगितलं. त्या म्हनाल्या, खुशाल उतरा, फक्त कमरेएवड्या पान्यात."

सत्तेचाळीस वर्षांची मी, सलवार-कमीज, डोक्याला ओढणी घट्ट बांधून, शिडीवरून उलटी उतरले. पाणी बर्फ! ओरडले. मग सलवारीत हवा भरली आणि ती दोन्ही बाजूंनी टुम्म फुगली. मी फुग्यासारखी उभी! दाबायला जावं तर दुसरीकडून फुगते. कस्तुराबाई काठावर लोळायला लागली. आबांनी आरोळी ठोकली, "मानूस पान्यात! मानूस पान्यात!" त्यांचा शर्ट धरून ठेवावा लागला.

मग अम्मांनी बोट दाखवलं. पाण्याकडे. आम्ही दोघींनी मिळून त्यांना काठावर बसवलं, मागून कस्तुराबाईने धरलं, पाय पाण्यात सोडले. डावा पाय हलला. मग अम्मांनी डाव्या हाताने पसाभर पाणी घेतलं आणि नेम धरून माझ्या तोंडावर मारलं.

इथपर्यंत दिवस सोन्याचा होता. मग जेवायला बसलो. कस्तुराबाईने अम्मांपुढे ताट ठेवलं, आणि अम्मांनी डाव्या हाताने भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि खाल्ली. स्वतः. सगळी. सांडलंसुद्धा नाही.

मी बघतच राहिले. कस्तुराबाई म्हणाली, "मागल्या खेपेला बी खाल्ली की. तुमाला ठावं न्हाई?"

संध्याकाळी १७०/१०२. म्हणजे पोहण्याने बीपी वाढतं.

१ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी १८२/११०.

इतकं सफाईने, म्हणजे चार महिने तरी झाले असतील त्यांना असं खाता यायला. चार महिने! आणि मी भात कालवून, घास लहान करून, "अम्मा, एवढा शेवटचा" म्हणत बसते. आज मुद्दाम ताट समोर ठेवून लांब उभी राहिले. त्यांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. मी भरवलं. भरवताना रडू आलं, म्हणून पदार्थ तिखट झाल्याचं सांगितलं. खीर होती.

कस्तुराबाईला फोन करून चांगलं सुनावलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "भाभी, तुमी भरवताय म्हनून त्या खात्यात. तुमाला बरं वाटतं म्हनून. म्हातारीला तेवडंच देता येतंय तुमाला." मला हे काही पटलं नाही. मला कशाला काय द्यायचंय?

डोकं तीन दिवस ठणकतंय. आज हातातून कप निसटला. तेलकट असावा.

४ फेब्रुवारी, मंगळवार
१९४/११४. मशीनचे सेल उतरलेत बहुतेक.

उद्या माझी पाळी. हे गाद्या पोचवायला सोमाटण्याला जाणार. आबांसाठी शेंगदाण्याचा लाडू केलाय.

११ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी १३८/८८. संध्याकाळी १३४/८६. (आकडे ह्यांनी लिहिलेत. ह्यांचा चार मला नेहमी नऊ वाटतो.)

सहा दिवस वही नव्हती, कारण मी दवाखान्यात आहे. आता बसून लिहायची परवानगी आहे, दहा मिनिटं. दहा मिनिटांत काय काय लिहू!

बुधवारी अकराच्या सुमारास मी चहा टाकत होते. उजवा हात एकदम दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा झाला. गॅस बंद केला एवढं आठवतं. मग फरशी गालाला गार लागली. हाक मारायची होती, पण जिभेला शब्द सापडेना. मनात आलं, अम्मांना रोज असंच होत असणार.

पुढचं काही मी ऐकलं, काही मागून जुळवलं आणि बाकीचं मला दवाखान्यात पोचवणाऱ्या गाडीवाल्यांनी सांगितलं. भांडं पडल्याचा आवाज अम्मांनी ऐकला. त्या पलंगाच्या कडेपर्यंत सरकल्या, तिथून त्यांना माझे पाय दिसत होते. आबा दाराशी लाडू खात बसलेले. अम्मांनी डावा हात पलंगावर आपटला आणि ओरडल्या. आबा उठले, "मास्तरीनबाई, अप का डाऊन?" अम्मांनी खुंटीवरच्या माझ्या ओढणीकडे बोट दाखवलं. लाल ओढणी. आणि म्हणाल्या,

"लाल!"

हा चौथा शब्द. चौदा महिन्यांत न आलेला. मी फरशीवरून ऐकला.

आबांना सून ओळखू येत नाही, पण लाल म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं. ओढणी घेऊन ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, दोन्ही हात वर. धरणाकडे निघालेली मोटार करकचून थांबली. आतला माणूस ओरडला, "बाबा, मरायचंय का?" आबा म्हणाले, "लाइन क्लियर न्हाई. मास्तरीनबाईंचा हुकूम हाय. मानूस पडलंय." त्या गाडीत दोन जोडपी होती, सुट्टीला आलेली. त्यांनीच मला उचललं. एक बाई मागे अम्मा-आबांजवळ थांबली. तिने दोघांना चहा करून दिला आणि आबांच्या खिशातला कस्तुराबाईचा नंबर शोधून तिला बोलावून घेतलं. त्या अनोळखी बाईचं नावही विचारायचं राहिलं.

२१०/१२४ होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूला छोटा झटका येऊन गेला. हात परत आला, बोलणं परत आलं, हे नशीब. पुढचा असा जाणार नाही. गोळ्या घेत होता ना?"

ह्यांनी जिऱ्याचा डबा पुढे केला. मी दवाखान्यात असताना घरी फोडणी द्यायला उघडला तेव्हा त्यात सापडल्या होत्या. वहीही वाचली होती, सगळी. मी म्हटलं, "घोरण्याचंही वाचलं?" हे हसले नाहीत. माझा उजवा हात दोन्ही हातांत धरून एकेक बोट मोजल्यासारखं दाबत बसले. मग म्हणाले, "मला वाटायचं तू दमत नाहीस. मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं."

दहा मिनिटं संपली. हे वही ओढतायत.

१२ फेब्रुवारी, बुधवार
१३६/८६.

घरी आले तेव्हा अम्मांच्या शेजारी दुसरा पलंग टाकलेला होता. नवी गादी. अम्मांनी मला पाहिलं, त्या पलंगाकडे हात केला आणि म्हणाल्या, "जा."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "झोप म्हणतायत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, वर्षभर तेच म्हणतायत. जा, झोप. जा, खा. मला वाटलं तुला कळतं."

मी अम्मांच्या पलंगावर चढले आणि त्यांच्या डाव्या कुशीत घुसले. जागा नव्हती. हसू आणि रडू एकदम आलं की कशी उचकी लागते, तशी लागली. अम्मा म्हणाल्या, "पाणी." आणि स्वतःचा पेला माझ्यापुढे केला.

१७ फेब्रुवारी, सोमवार
१३२/८४. (गोळी घेतली. हे समोर उभे राहून तोंड उघडायला लावतात, जीभ वर करायला लावतात!)

पुण्याहून नणंद नसीम आठवडाभर राहायला आली आहे. आतापर्यंत ती फोनवरून सल्ले द्यायची : अम्मांना बदाम द्या, अम्मांना उन्हात बसवा. पहिल्याच दिवशी दुपारी अम्मांना न्हाऊ घातल्यावर तिने बाथरूमच्या दाराला टेकून विचारलं, "भाभी, हे तू रोज एकटीने करायचीस?" मी पलंगावरून राणीसारखं "हो" म्हटलं. आता दर महिन्याला पाच दिवस ती येणार. तिनेच ठरवलं. रात्री अम्मांना वळवायचं काम हे आणि मी आलटून पालटून करतो. काल ह्यांच्या पाळीला हे घोरत होते, मी लाथ मारून उठवलं. फार बरं वाटलं.

मी दुपारी झोपते, विनाकारण फिरते, वाण्याकडे उगीच जाऊन उगीच परत येते. काल रस्त्यात एकटीच हसले, तर समोरच्या बाईने पदर नीट केला.

२६ फेब्रुवारी, बुधवार. सुट्टी.
१३०/८२.

डॉक्टरीणबाईंना विचारूनच पाण्यात गेले. कारखाना अर्धा दिवस बंद ठेवून हे पण वलवणला आले. कस्तुराबाई लुगड्याचा काचा मारून माझ्याबरोबर उतरली, गुडघ्यासकट. तिने माझ्या पाठीखाली हात धरला आणि म्हणाली, "आंग सैल सोडा. तोंड आभाळाकडं. भाभी, मान ताट नका धरू, कुनी न्हाई बोलवत तुमाला."

"बुडले तर?"

"कंबरंएवडं पानी हाय, उब्या ऱ्हावा."

पाच वेळा बुडले. नाकात पाणी, डोळ्यात पाणी. आबा काठावरून माझ्यावर लक्ष ठेवून होते. सहाव्यांदा कस्तुराबाईचे हात पाठीखाली होते, मग नव्हते, आणि मी वरच होते! कान पाण्यात गेले आणि जग बंद झालं. वर एक घार फिरत होती. माझ्या हातापायांना काहीही काम नव्हतं. किती वेळ ते माहीत नाही. मधेच वाटलं की कुणीतरी हाक मारतंय. नेहमीसारखी धडपडून उठायची घाई झाली, आणि ती घाई तशीच पाण्यात विरघळून गेली.

उभी राहिले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. हे, कस्तुराबाई, आबा, अम्मा.

मी ओरडले, "काय झालं? कुणी बोलावलं?"

"चहा झाला म्हणून हाक मारली," हे म्हणाले. "तू काही आली नाहीस."

"मग माझा चहा?"

अम्मांनी डाव्या हातातला कप उलटा करून दाखवला. रिकामा.